पंडिता रमाबाईंचा आनंद

पंडिता रमाबाईंविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. त्यांच्या विद्वत्तेचा अभिमान सर्वांनाच होता आणि त्यांच्या धर्मांतराचा राग बहुतेकांना. विधवांच्या शिक्षणाचे श्रेय त्यांना द्यावे, तर धर्मांतराचा प्रश्न आडवा येतो. धर्मांतरावर टीका करावी, तर केडगावच्या त्या हजारो मुली नजरेसमोर उभ्या राहतात. ह्या ओढाताणीत एका साध्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या बाईने वयाची चोविशी गाठण्यापूर्वी बाप, आई, बहीण, भाऊ आणि नवरा असे पाचही जण गमावले, आणि म्हातारपणी एकुलती एक मुलगीही गमावली, तिच्या उत्तरायुष्यातील लिखाणात शोकाचा सूर मुख्य नाही. मुख्य सूर आनंदाचा आहे. १९०७ साली त्यांनी आपल्या आत्मिक प्रवासाची हकीगत इंग्रजीत प्रसिद्ध केली, तिचे नावच मुळी ‘अक्षय ठेव्याची साक्ष’ अशा अर्थाचे आहे. हा ठेवा कोणता, आणि तो त्यांना केव्हा व कसा सापडला?

सणासुदीच्या अंकात मृत्यूची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. आपल्या घराघरांतून दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगाच्या पाटावर बसताना गेल्या वर्षी त्या पाटावर असलेले एखादे माणूस आठवतेच. आणि तरीही पणती लावायची ती लावतोच. रमाबाईंची गोष्ट काहीशी त्या जातीची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विलक्षण पुरुष. धर्माने कडकडीत सनातनी, पण बायकांनी संस्कृत शिकावे ह्या एका बाबतीत साऱ्या जगाशी भांडण घेणारे. तरुणपणी पुण्यास शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते, आणि तो चमत्कार त्यांच्या मनात घर करून बसला. पहिली पत्नी वारल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न केले. गोदावरीकाठी स्नानाला आलेल्या एका यात्रेकरू ब्राह्मणाने हा पाहुणा पाहिला, चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी देऊन टाकली, अशी त्या लग्नाची हकीगत आहे. आज ती ऐकून अंगावर काटा येतो. परंतु त्याच लग्नातून महाराष्ट्राला एक संस्कृतज्ञ आई आणि तिची त्याहून मोठी लेक मिळाली, हेही खरे. बायकोला देववाणी शिकवल्याबद्दल शास्त्रीबुवांना उडुपीस पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी ती मांडली, पण शेजाऱ्यांच्या जिभांना कंटाळून पश्चिम घाटातील गंगामूळ ह्या रानात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ च्या एप्रिलात रमेचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच घरातला पैसा सरला. आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि विद्यार्थ्यांना जेवू घालून शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले होते. वेताच्या पेटीत तान्ह्या पोरीला घालून ती पेटी डोंगरावरून खाली आणली, आणि तेव्हापासून ह्या कुटुंबाला घर असे राहिले नाही. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राला जायचे, देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे, श्रोते ठेवतील ती दक्षिणा घ्यायची, आणि पोटापुरते ठेवून उरलेले दानधर्मात खर्चायचे. बाप थकलेला, म्हणून रमेला शिकवले ते आईने. पहाटे पाखरे जागी होण्याच्या सुमारास ती पोरीला मांडीवर घेऊन उठवी आणि श्लोक म्हणवून घेई. पुढे अमेरिकेत असताना रमाबाईंनी ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ ह्या विषयावर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते आईच्या स्मृतीलाच अर्पण केले आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात ह्या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. मोठा दुष्काळ दोन वर्षांनी पडायचा होता. पण पुराणिकाचे घर दुष्काळाच्या नुसत्या सावलीनेही बसते. लोकांना धान्य महाग झाले की पहिली कात्री लागते ती दक्षिणेलाच. दागिने गेले, लुगडी गेली, पितळेची भांडी गेली. श्रम करणे शास्त्रीबुवांना कमीपणाचे वाटे आणि भीक मागणे लज्जेचे. उरला तो देवाचा धावा. नवस, उपवास, अनुष्ठाने सर्व झाली. अखेर अकरा दिवस ही मंडळी रानात झाडपाला आणि रानखजूर खाऊन राहिली. म्हाताऱ्याची दृष्टी गेलेली. एखाद्या पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यावी असेही त्याच्या मनात आले. मुलगा म्हणाला, मी मजुरी करतो, पण हे नको. त्यातच वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, सन्मानाने वाग आणि त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा निरोप दिला.

मग आईची पाळी. ती तापाने आणि भुकेने आडवी पडलेली. रमा शेजारणीच्या दारात गेली, पण तोंडून शब्द फुटेना. शेजारणीनेच ओळखून भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन मुलगी आली तेव्हा आईला तो गिळण्याचेही त्राण उरले नव्हते. मृत्यूनंतर खांदा द्यायला कोणी येईना. स्मशान तीन मैलांवर. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. दोघे ते, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. उंचीने ठेंगणी, त्यामुळे तिरडी तिच्या खांद्याला पुरेना. तिने ती डोक्यावर घेतली. त्यानंतर काही महिन्यांत मोठी बहीण पटकीने गेली.

हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तेवीस वर्षांनी रमाबाई जे करणार होत्या, त्याचा उगम माझ्या मते त्या तीन मैलांच्या वाटेवर आहे. कोणत्याही गिरिजाघरात नव्हे.

उरलेली दोन भावंडे सुमारे चार हजार मैल हिंदुस्थानभर पायी फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, तोंडे तेवढी बाहेर ठेवून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे दैव एकाएकी पालटले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेली वीस वर्षांची मुलगी पाहून कलकत्त्याचे पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. ख्रिस्ती उपासना त्या भावंडांनी प्रथम पाहिली तीही कलकत्त्यातच, आणि त्याची मौज पुढे रमाबाईंनी स्वतःच सांगितली आहे. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली, डोळे मिटून पुटपुटू लागली. ह्या दोघांची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! त्या दिवशी कोणीतरी त्यांना संस्कृत बायबलही दिले. भाषा कळली, मजकुरात गोडी वाटली नाही.

१८८० च्या मे महिन्यात डाक्का येथे श्रीनिवास वारला. मरताना त्याला एकच घोर होता, ह्या बहिणीचे कसे होणार. तिने त्याला सांगितले, आपल्या दोघांना देवावाचून दुसरे कोण होते? पुढे तिने त्याच वर्षी बिपिनबिहारीदास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ब्राह्मण मुलगी आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला नवरा. त्या काळाच्या मानाने हा धरणीकंपच होता. सिल्चरला संसार मांडला. नवऱ्याच्या पुस्तकांत तिला बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले, एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन तिला बायबलातल्या गोष्टी सांगू लागला, आणि ती ख्रिस्ती होण्याच्या गोष्टी बोलू लागली तेव्हा नवऱ्याला ते आवडले नाही. १८८१ च्या एप्रिलात मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने वारले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

आठ वर्षांत पाच मरणे, आणि कडेवर दहा महिन्यांचे मूल.

ह्यापुढचा भाग सर्वज्ञात आहे, म्हणून तो भराभर ओलांडतो. १८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या, न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाज निघाला, हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली आणि हिंदुस्थानातील बायकांना बायका डॉक्टर हव्यात असे ठणकावून सांगितले. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या विलायतेस गेल्या. कान अधू असल्याने वैद्यक साधले नाही. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी थोडेच दिवस त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत ह्या मैत्रिणीने तेथेच आत्महत्या केली होती. म्हणजे ज्या दिवशी त्या नव्या धर्मात शिरल्या, तो दिवसही मरणाच्या छायेतलाच.

आता मुद्द्याची गोष्ट. बाप्तिस्म्याने दुःख धुऊन निघाले आणि आनंदीआनंद झाला, असे चित्र भाविक चरित्रकार रंगवतात. रमाबाईंनी स्वतः तसे कोठेही लिहिलेले नाही. उलट, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली, असा त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब आहे. ही मधली वर्षे त्यांनी वाद घालण्यात घालवली म्हटले तरी चालेल. धर्माच्या प्रांतात नेहेम्या गोरे ह्यांच्यासारख्या मोठ्या ख्रिस्ती पंडिताची पत्रे त्यांनी अभ्यासली होती; हे मूळचे नीळकंठशास्त्री, चित्पावनच. परंतु वाँटेजच्या सिस्टर जेरल्डाइन त्यांना सांगत की तू आता आज्ञेत राहा, आणि ह्या बाई उत्तर देत की माझी सदसद्विवेकबुद्धी मी मोठ्या प्रयासाने सोडवून घेतली आहे, ती पुन्हा कोणा भटाच्या वा पाद्र्याच्या स्वाधीन करणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. मांस त्यांनी खाल्ले नाही, पांढरे लुगडे सोडले नाही, रमा हे नाव टाकले नाही. ह्या स्वतंत्र बाण्यामुळेच इकडे जोतिराव फुल्यांसारखा माणूस १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभा राहिला.

तरी त्या वर्षांत त्यांना एक गोष्ट दिसली होती, ती वादाने मिळण्यासारखी नव्हती. लंडनजवळ फुलम येथे मठाच्या जोगिणी घसरलेल्या बायकांसाठी आश्रम चालवीत. त्या बायकांना तेथे कोणी हाडहुड करीत नव्हते. रमाबाईंनी विचारले, हे असे तुम्ही का वागता? तेव्हा एका जोगिणीने त्यांना विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ‘पतितेला पावन करणारा’ हे शब्द संस्कृतात त्यांनी शेकडो वेळा उच्चारले असतील. पण पतितांचे जेवणखाण आणि कपडेलत्ते बघणारी संस्था त्यांनी प्रथम पाहिली ती येथे.

१८९१ च्या सुमारास जे घडले, त्याचे त्यांनी केलेले वर्णन थोडक्यात असे की आजवर आपण धर्म हा ज्ञानाचा आणि आचरणाचा विषय मानीत होतो; आपण आहो तशाच, काही पुण्य गाठी नसताना, स्वीकारल्या गेलो आहो, हे आता उमगले; आणि ते उमगताच मनातला भार उतरून अवर्णनीय आनंद झाला. हे वाचताना मला त्यांचे वडील आठवतात. त्या म्हाताऱ्याने साऱ्या जन्मात पुण्याची जोड केली, शेवटचा पैसादेखील पुण्यासाठी दिला, आणि रानात उपाशी मेला. जमाखर्चाच्या वहीत पुण्याची बाजू भरलेली असता हे असे का व्हावे, हा प्रश्न त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून तिरडीबरोबर उतरला नव्हता. ज्या देवाकडे वहीच नाही, असा देव भेटला तेव्हा तो उतरला.

ह्यावरून हिंदूधर्मात वहीवाचून दुसरे काही नाही, असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. आमच्या तुकोबांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १६३० च्या दुष्काळात बायको गेली, पोर गेले, दिवाळे निघाले. आणि त्यातून जो निघाला त्याने घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवली. वही बुडवणारा भक्त महाराष्ट्राला अडीचशे वर्षे आधीच मिळालेला होता. मग रमाबाईंना तो का भेटला नाही? माझी समजूत अशी आहे की त्यांचे बालपण मराठी मुलखाबाहेर, संस्कृत पुराणांच्या छायेत गेले. अभंगांची ओवरी त्यांच्या घराला नव्हती. नारायण वामन टिळकांचे पाहा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ते तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे उघड म्हणत आणि ख्रिस्ताचे भजन टाळ-मृदंगावर करीत. रमाबाई त्या वाटेने आल्या नाहीत. त्या स्मशानाच्या वाटेने आल्या. दोघांच्या भक्तीच्या रंगात जो फरक पडला तो ह्यामुळे.

असो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन निघाले होते. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले होते. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. सदन पुण्यास आले आणि तीन वर्षांत वादळ उठले. मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात, हे बाहेर पडले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मी माझ्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करते, कोणाला ओढीत नाही, हे रमाबाईंचे म्हणणे होते. धर्म शिकवणार नाही ह्या बोलीवर मुली घेतल्या होत्या, हे पालकांचे म्हणणे. दोन्ही म्हणणी खरी होती, आणि म्हणूनच तो वाद मिटला नाही. त्यात रमाबाईंनी पुणे गमावले. सारे आप्त गमावलेल्या बाईला मित्रांचे जे घर नव्याने मिळाले होते, तेही गेले. ह्या दुःखाची गणना चरित्रांतून होत नाही. ती करायला हवी.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर पैसा कोठून येणार, म्हणून त्यांनी पुण्याहून चौतीस मैलांवर केडगाव स्टेशनाजवळ शंभर एकर माळ घेतला. फळझाडे लावायची, विहिरी खणायच्या, फळे विकून सदन चालवायचे, असा साधा हिशेबी बेत होता. इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून भुकेच्या बातम्या येऊ लागल्या. हाती पैसा नाही, सदनाच्या मुलींचेच कसेबसे चाललेले. आपण जाऊ नये असेच रमाबाईंना प्रथम वाटले. पण आठवणींनी त्यांना बसू दिले नाही. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. त्यांनी त्या वेळी लिहिलेल्या दुष्काळाच्या हकीगतीत स्वतःच्या घरच्या उपासमारीची कथा प्रथम येते आणि मध्यप्रांताची मागून. रानातले ते अकरा दिवस, भाकरीचा तो तुकडा, हे सारे वीस वर्षे त्यांनी कोणापुढे फारसे उघडले नव्हते. ते १८९७ मध्ये उघडले, कारण आता त्याचा उपयोग होता.

दुष्काळी छावण्यांतून फिरताना जे इतरांना दिसत नव्हते ते त्यांना दिसे. एकट्या मुलीवर तेथे काय प्रसंग येतात, हे कोणी सांगावे लागत नव्हते. मुली आणल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात तेव्हा प्लेग. सरकारी अधिकाऱ्यांनी नव्या माणसांना शहरात ठेवू देईनात. म्हणून केडगावच्या माळावर, जेथे फळबागेचा बेत होता तेथे, गवती छपरे उभी राहिली, आणि त्या वस्तीला नाव मिळाले ‘मुक्ति’. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात मुलींची जी हेळसांड होई, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात सरकारला सडकून पत्र लिहिले. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या साहेबांच्या मिंध्या झाल्या, असे मानणाऱ्यांनी ते पत्र अवश्य वाचावे.

१९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसे झाली. दोन हजार माणसांचे रोजचे जेवण म्हणजे काय, ह्याची कल्पना एखाद्या लग्नघराच्या यजमानीणबाईंनाच यावी. आणि येथे हे लग्न रोजचे. शिवाय दुष्काळातून आलेल्या मुलीला एकदम पोटभर वाढून चालत नाही, आतडी ते सोसत नाहीत. थोडेथोडे, पेजेपासून चढवीत न्यावे लागते. आजार, खरूज, उवा ह्यांनी बेजार झालेल्या पोरी. कित्येक वाचल्या नाहीत. जगल्या त्या शिकल्या. कोणी हातमागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी शेतात, कोणी छापखान्यात खिळे जुळवायला. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. घरांची नावे पाहा: घसरलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीति सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, आणि मुलगे आले त्यांच्यासाठी सदानंद सदन. ही नावे शास्त्र्याच्या लेकीची आहेत हे सांगावयास नको. वेदान्तात ज्याला सदानंद म्हणतात तो दुष्काळात उरलेल्या पोरट्यांच्या दारावर लावण्याची कल्पना मात्र तिची स्वतःची.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे घडले, त्याविषयी लिहिताना इतिहास लिहिणाराची लेखणी जरा अडखळते. शेकडो मुली प्रार्थनेत एकाच वेळी मोठ्याने रडू लागल्या, आणि रडणे सरल्यावर हसू व गाऊ लागल्या; हे दिवसचे दिवस चालले. पाहणारांपैकी कोणी त्याला पवित्र आत्म्याचा संचार म्हटले, कोणी नुसता उन्माद. मला त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. त्या मुलींपैकी पुष्कळांनी आईबाप रस्त्याच्या कडेला मरताना पाहिले होते, आणि त्यासाठी रडायला त्यांना कोणी सवड दिलेली नव्हती. भुकेल्या माणसाला रडण्याचेही बळ नसते. ते रडणे पापासाठी होते असे त्या म्हणाल्या, असेल. पण आठ-दहा वर्षांचे तुंबलेले रडेही त्याबरोबर वाहून गेले नसेल, असे कोण म्हणेल? रमाबाईंनी त्यांना दडपले नाही. सोळाव्या वर्षी त्यांना स्वतःला रडायला फुरसत मिळाली नव्हती.

मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या होत्या. विलायतेत आणि अमेरिकेत शिकून आलेली ही मुलगी शाळा पाही, पत्रव्यवहार पाही, आणि आईचे कान अधिकाधिक जात चालले तसतशी तिचे कानही झाली. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा काढली, तिचाही भार तिच्यावर. आपल्यामागे मुक्तीचा कारभार तीच पाहील हे रमाबाईंनी मनाशी धरलेले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमाबाई वारल्या. वय अवघे चाळीस.

त्या वेळी रमाबाईंच्या हाती एक काम अर्धवट होते. १९०४ च्या सुमारास त्यांनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीक ह्यांवरून मराठीत आणण्याचे मनावर घेतले होते. त्यासाठी त्या दोन्ही भाषा त्या उतारवयात शिकल्या. मराठीत बायबल तेव्हा नव्हते असे नाही; पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या कुणबिणीला आणि दुष्काळी पोरीला कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. जिला कलकत्त्याने सरस्वती म्हटले, तिने आपले सारे संस्कृत बाजूस ठेवून ओबडधोबड वाटेल इतकी सोपी मराठी हट्टाने लिहिली. वाङ्मय म्हणून ते भाषांतर सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. वाक्ये कित्येक ठिकाणी मुळाशी इतकी चिकटली आहेत की मराठी कान कुरकुरतो. परंतु आईने पहाटे मांडीवर घेऊन जे दिले ते विद्वानांच्या सभेत मिरवून झाल्यावर, तेच पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीच्या मांडीवर ठेवावे, ही त्यामागची दृष्टी लहान नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांचीही अशीच एक गोष्ट आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. जिचे शिक्षण असे फारसे झालेले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पुरे केले. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून, ज्या संसाराने त्यांना पदोपदी रडवले त्याच संसारावर साऱ्या महाराष्ट्राला हसवले. आनंदाचे स्वभाव माणसागणिक निराळे. लक्ष्मीबाईंचा आनंद खळखळून हसे. रमाबाईंचा हसत नसे, तो काम करी.

मनोरमाबाई गेल्यावर रमाबाई आठ-नऊ महिने जगल्या. कारभाराची घडी पुन्हा बसवली, आणि उरलेला वेळ मुद्रिते तपासली. शेवटी प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी देवापाशी आणखी दहा दिवस मागून घेतले, म्हणजे राहिलेली मुद्रिते पाहून होतील, अशी आठवण मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या गेल्या. पाने पाहून झाली होती. खिळे जुळवणे, छापणे, फर्मे मोडून बांधणी करणे हे सारे मुक्तीच्या मुलींनी आणि बायकांनी आपल्याच छापखान्यात पुरे केले, आणि १९२४ साली ते बायबल बाहेर पडले.